बिनबंदुकीचा कॅप्टन

ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचे सर्वांत मोठे पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. १८५६ साली ते सुरू झाले आणि आजवर तेराशेहून अधिक जणांना मिळाले. परंतु ते दोन वेळा मिळवणारे अवघे तिघे. या तिघांपैकी दोघे पेशाने डॉक्टर होते, हे मी प्रथम वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले. शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते, घोडा येतो, फार तर बंदूक येते. स्टेथॉस्कोप काही येत नाही. तेव्हापासून या दोघांतील धाकट्याची, कॅप्टन नोएल शव्हास याची हकीकत मी मिळेल तिथून वाचत गेले. त्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहिले तर आपण मराठी माणसे त्याला बहुधा चव्हाणांचा भाऊबंद ठरवू. पण उच्चार शव्हास, आणि घराणे पूर्वी केव्हा तरी फ्रान्समधून इंग्लंडात आलेले.

नोएलची गोष्ट सांगायची तर ती त्याच्या पलटणीपासून सुरू करावी लागते, कारण दोघांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. या पलटणीचे नाव 'लिव्हरपूल स्कॉटिश'. नावातच गंमत आहे. लिव्हरपूल हे इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदर. ते स्कॉटलंडमध्ये नाही. पण व्यापार, जहाजे आणि गोद्या यांच्या निमित्ताने कितीतरी स्कॉटिश कुटुंबे तिथे येऊन स्थायिक झाली होती. १९०० साली, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असताना, या मंडळींनी आपली स्वतंत्र स्वयंसेवक पलटण उभी केली. कागदोपत्री ती 'किंग्ज लिव्हरपूल रेजिमेंट' या इंग्रज रेजिमेंटचीच एक बटालियन, पुढे १९०८ नंतर दहावी बटालियन. पण पोशाख मात्र अस्सल हायलँडर्सचा : कमरेला फोर्ब्स घराण्याच्या चौकडीचा लोकरी किल्ट, डोक्यावर ग्लेनगॅरी टोपी आणि पुढे बॅगपाइप वाजवणारे. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात काही पलटणींची पाइप बँड पथके पाहिली की माझ्या मनात येते, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील हे वाद्य आणि हा डौल किती दूरदूरच्या लोकांनी आपलासा केला! लिव्हरपूलच्या गोदीवरच्या माणसांनी केला, कॅनडाच्या लोकांनी केला, आपल्या जवानांनीही केला.

लिव्हरपूल स्कॉटिशमधील पुष्कळसे शिपाई म्हणजे कारकून, विमा कंपन्यांतील आणि जहाज कंपन्यांतील नोकर, शिक्षक, दुकानांतील माणसे. ही प्रादेशिक सेना होती. दिवसा कचेरीत हिशेब लिहायचा, संध्याकाळी कवायतीला जायचे आणि वर्षातून एकदा शिबिराला. आमच्यातल्या एन. सी. सी. वाल्यांना हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की १९१४ च्या ऑगस्टमध्ये या मंडळींना एकाएकी खरोखरीच्या लढाईचे बोलावणे आले.

या पलटणीला जून १९१३ मध्ये एक तरुण डॉक्टर मिळाला होता. त्याचा जन्म ऑक्सफर्डचा, ९ नोव्हेंबर १८८४ चा. तो जुळ्यांतला धाकटा. क्रिस्टोफर त्याच्याहून वीस मिनिटांनी मोठा. एकूण भावंडे सात. वडील फ्रान्सिस शव्हास हे धर्मोपदेशक होते आणि १९०० साली लिव्हरपूलचे बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सगळे बिऱ्हाड ऑक्सफर्डहून त्या धुराने काळवंडलेल्या बंदरात आले. जुळे भाऊ दिसायला इतके सारखे, की ओळखीच्यांचीही फसगत व्हावी. दोघेही १९०४ साली ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. अभ्यासापेक्षा धावण्याच्या मैदानावर त्यांचा जीव अधिक, असे कोणाला वाटले असते; पण १९०७ साली नोएल शरीरक्रियाशास्त्र घेऊन प्रथम वर्गात उत्तीर्ण झाला. क्रिस्टोफर त्याच वर्षी चक्क नापास झाला. (पुढे हाच क्रिस्टोफर बिशप झाला, ही गोष्ट परीक्षेच्या निकालाची धास्ती घेतलेल्या माझ्या वर्गबंधूंनी आणि भगिनींनी ध्यानात ठेवावी.) १९०८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले, त्यात दोघे भाऊ ४०० मीटर शर्यतीत ब्रिटनतर्फे धावले. पहिल्याच फेरीत दोघे बाद झाले. पण नोएलचे ते पाय पुढे वेगळ्या कामाला आले.

वैद्यकीय शिक्षण त्याने ऑक्सफर्डला आणि मग लिव्हरपूलला घेतले. विद्यार्थी असताना शहरातील गरीब मुलांसाठीच्या एका औद्योगिक शाळेत तो सुटीच्या वेळी जाई, पोरांचे खेळ घेई, त्यांच्यात रमे. १९१२ साली डॉक्टर म्हणून त्याची नोंदणी झाली आणि लिव्हरपूलच्या रॉयल सदर्न रुग्णालयात त्याने काम धरले. तिथे त्याला रॉबर्ट जोन्स यांच्यासारखा गुरू लाभला. अस्थिशल्यशास्त्राच्या इतिहासात जोन्स यांचे नाव मोठे आहे. त्यांचे नातलग ह्यू ओवेन थॉमस यांनी तयार केलेली पायाची लोखंडी पट्टी, म्हणजेच थॉमस स्प्लिंट, जोन्स यांनी महायुद्धात सर्वत्र वापरात आणली आणि मांडीचे हाड मोडलेल्या जखमींचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. अशा माणसाच्या हाताखाली तयार झालेला नोएल युद्ध नसते तर लिव्हरपूलमधला एक नाणावलेला हाडवैद्य झाला असता यात मला शंका वाटत नाही.

नोव्हेंबर १९१४ च्या आरंभी लिव्हरपूल स्कॉटिश फ्रान्सला उतरली. प्रादेशिक सेनेच्या ज्या पलटणी सर्वांत आधी आघाडीवर गेल्या, त्यांतली ही एक. निघण्यापूर्वीच नोएलने शिपायांना विषमज्वराची लस टोचून घ्यायला लावली होती. त्या काळी लस सक्तीची नव्हती. माणसाला पटवावे लागे. पलटण बेल्जियममधील ईप्र शहराच्या दक्षिणेला केमेल गावाजवळच्या खंदकांत जाऊन बसली. आणि तिथे तिला पहिला शत्रू भेटला, तो जर्मन नव्हता. तो होता चिखल.

फ्लँडर्सचा तो प्रदेश सपाट आणि चिकणमातीचा. हातभर खणले की पाणी लागते. खंदकांत गुडघाभर थंडगार पाणी साचलेले आणि त्यात रात्रंदिवस उभे राहायचे. संचलनात रुबाबदार दिसणारा किल्ट इथे वैरी झाला. ओल्या लोकरीच्या कडेला चिखल सुकून ती सुरीसारखी होई आणि उघड्या गुडघ्यांची मागची बाजू कापून काढी. किल्टच्या निऱ्यांत उवांची वस्ती. पायांतले बूट चिखलात रुतून तिथेच राहत. ओल्याने आणि थंडीने पाय सुजत, बधिर होत, काळे पडत आणि काही वेळा कापावे लागत. 'ट्रेंच फूट' हे नाव या रोगाला त्याच युद्धात मिळाले. साडेआठशेच्या आसपास माणसे घेऊन आलेल्या या पलटणीत जानेवारी १९१५ पर्यंत कामास धड अशी जेमतेम ३७० उरली. तोवर तिने एकही मोठी लढाई केलेली नव्हती! सैन्य पोटावर चालते असे आपण म्हणतो. ते खरे असेलही, पण आधी त्याला पाय लागतात.

नोएलचे मोठेपण मला पहिल्यांदा जाणवले ते इथे. लढाईतल्या त्याच्या पराक्रमाकडे मी नंतर येते. पण पराक्रमाच्या आधी दोन वर्षे या माणसाने काय केले? पायमोज्यांचा हिशेब ठेवला. घरी बिशपसाहेबांना पत्रावर पत्रे लिहून लोकरी मोजे मागवले, ग्रामोफोन मागवला. माणसांनी पाय धुवावेत, कोरडे करावेत, तेल चोळावे, यासाठी त्यांच्या मागे लागला. संडास कुठे खणायचे, पिण्याचे पाणी कुठले घ्यायचे, अंघोळीची सोय कशी करायची, याचा त्याला ध्यासच लागला होता म्हणा ना. जखम झाली की मातीतले जंतू शिरून धनुर्वात होतो, म्हणून प्रतिबंधक लस टोचण्याबाबत तो अतिशय काटेकोर असे. ही कामे कोणत्याही शौर्यगाथेत येत नाहीत. संडास खणून घेणाऱ्यावर कोणी पोवाडा रचलेला माझ्या ऐकिवात नाही. परंतु त्या पलटणीतील माणसाला आपला डॉक्टर कसा आहे हे कळले, ते या कामांतून. पुढे रात्रीच्या काळोखात त्याच्यामागे जायला ती माणसे आपण होऊन पुढे आली, त्याचे मूळ या पायमोज्यांत आहे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. तोफांच्या सततच्या माऱ्याने काही शिपायांच्या मनाचा तोल जाई. हात थरथरत, झोप उडे, बोलता येईनासे होई. आज आपण त्याला आजार म्हणतो. त्या काळी अनेक अधिकारी त्याला भित्रेपणा म्हणत, आणि रणांगण सोडणाऱ्याला ब्रिटिश सैन्यात गोळी घालून मारण्याची शिक्षाही होती. नोएल अशा माणसाला आधीच हेरी आणि काही तरी किरकोळ कामाच्या निमित्ताने आपल्या मदतकेंद्रात ठेवून घेई. चार दिवस विश्रांती मिळाली की पुष्कळदा माणूस सावरे. सैन्याच्या वैद्यकीय व्यवस्थेतील ढिलाईवर तो मोकळेपणाने टीका करी आणि त्यामुळे वरिष्ठांची त्याच्यावर फारशी मर्जी नव्हती. त्याची त्याला खंत होती असे दिसत नाही.

पलटणीची पहिली मोठी लढाई १६ जून १९१५ रोजी ईप्रच्या पूर्वेला हूग या खेड्याजवळ झाली. २३ अधिकारी आणि ५१९ शिपाई पुढे गेले. पहिली जर्मन फळी त्यांनी घेतली, आणखी पुढे मुसंडी मारली आणि तिथे आपल्याच तोफांचे गोळे त्यांच्यावर पडू लागले, कारण ते इतके पुढे गेले आहेत हे मागच्यांना कळलेच नाही. संध्याकाळी धडधाकट परत आले ते दोन अधिकारी आणि १४० शिपाई. चारशे माणसे एका दिवसात मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. लिव्हरपूलच्या कितीतरी कचेऱ्यांतली टेबले त्या एका दिवसात कायमची रिकामी झाली. नोएल जवळजवळ दोन दिवस सलग काम करत होता. दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या जागेत पडलेला शेवटचा जखमी आत येईपर्यंत तो हलला नाही. या कामाबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला आणि पुढे तो कॅप्टनही झाला. त्याच लढाईत त्याच्या पलटणीतील एका शिपायाने, जो मुळात वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता, चोरून नेलेल्या कॅमेऱ्याने प्रत्यक्ष हल्ल्याचे छायाचित्र टिपले. सैनिकांना कॅमेरा बाळगण्याची बंदी असताना घेतलेले हे चित्र पहिल्या महायुद्धातील अत्यंत दुर्मीळ चित्रांपैकी एक समजले जाते.

पुढच्या वर्षी, १९१६ च्या उन्हाळ्यात, सोमची लढाई सुरू झाली. ९ ऑगस्टला गियमाँ या गावावर हल्ला करण्याचे काम लिव्हरपूल स्कॉटिशकडे आले. हल्ला फसला. काटेरी तारा शाबूत होत्या आणि मशीनगनच्या माऱ्यात माणसे गवतासारखी कापली गेली. नोएलने तो सबंध दिवस उघड्यावर, पुष्कळदा शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात राहून जखमींना बांधण्यात घालवला. रात्री चार तास तो शत्रूच्या फळीसमोर जखमी शोधत फिरला. दुसऱ्या दिवशी एका स्ट्रेचरवाल्याला बरोबर घेऊन तो अगदी पुढच्या खंदकांपर्यंत गेला आणि एका अत्यवस्थ माणसाला तोफांच्या भडिमारातून पाचशे यार्ड वाहून आणले. वाटेत गोळ्याची कपची त्याच्या कुशीत शिरली. त्याच रात्री तो वीस स्वयंसेवक घेऊन पुन्हा निघाला. शत्रूच्या खंदकापासून अवघ्या पंचवीस यार्डांवरच्या एका खड्ड्यातून त्याने तीन जखमी बाहेर काढले, दोन अधिकाऱ्यांची प्रेते पुरली आणि मेलेल्या कित्येक शिपायांचे ओळखबिल्ले गोळा केले. एकूण वीसेक गंभीर जखमींचे प्राण त्याने त्या दोन दिवसांत वाचवले.

या बिल्ल्यांपाशी मी वाचताना थबकले. जिवंतांसाठी जीव धोक्यात घालणे समजते. मेलेल्यांच्या गळ्यातील बिल्ल्यांसाठी गोळ्यांच्या वर्षावात कशाला थांबायचे? मग लक्षात आले. ज्याचा बिल्ला हाती लागला नाही त्याचे नाव बेपत्तांच्या यादीत जाई. घरी तार जाई ती बेपत्ता म्हणून, आणि मग कोणाची आई, कोणाची बायको वर्षानुवर्षे दाराकडे डोळे लावून बसे. बिल्ला म्हणजे त्या वाट पाहण्याचा शेवट होता. त्या वेळी ब्रिटिश शिपायाच्या गळ्यात एकच बिल्ला असे. तो काढून घेतला तर नोंद होई, पण प्रेत मात्र निनावी राहून जाई. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सैन्याने दोन बिल्ल्यांची पद्धत सुरू केली, एक नोंदीसाठी आणि एक प्रेताबरोबर राहण्यासाठी.

२६ ऑक्टोबर १९१६ च्या राजपत्रात नोएलला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तो त्याला मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचे लग्न आपली चुलत बहीण ग्लॅडिस हिच्याशी ठरले होते. (आपल्याकडे हे कानाला खटकेल, तिकडे निषिद्ध नाही.) रजा मिळाली की लग्न करायचे, असे चालले होते. रजा काही जुळून येत नव्हती.

१९१७ चा जुलै शव्हास कुटुंबाला फार कठीण गेला. धाकटा भाऊ एडन हाही किंग्ज रेजिमेंटच्याच दुसऱ्या एका बटालियनमध्ये अधिकारी होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ईप्रजवळ रात्रीच्या गस्तीवर गेला असता तो जखमी होऊन मागे राहिला आणि पुन्हा सापडला नाही. त्याला शोधायला जो गेला तो मधला भाऊ बर्नार्ड, तोही डॉक्टर आणि त्याच बटालियनवर नेमलेला. शोध व्यर्थ गेला. इतरांच्या घरी निश्चित बातमी जावी म्हणून नोएलने मृतांचे बिल्ले गोळा केले, आणि त्याच्या स्वतःच्या घरी तार गेली ती बेपत्ता म्हणून. एडनचे नाव आज ईप्रच्या मेनिन गेटवर आहे. ज्यांना कबर लाभली नाही अशा चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्या कमानीवर कोरलेली आहेत आणि त्यांत चारशेहून अधिक आपल्या हिंदी सैन्यातील आहेत. १९१४ च्या त्याच हिवाळ्यात, त्याच चिखलात, सुती कपड्यांनिशी आलेले आपले शिपाई उभे होते, हे किल्टवाल्यांची कीव करताना विसरून चालणार नाही.

एडन गेला त्याला महिनाही झाला नव्हता. ३१ जुलै १९१७ च्या पहाटे ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली. तिलाच पुढे पासेंडेल म्हणून ओळखू लागले. लिव्हरपूल स्कॉटिश वील्टये या खेड्याच्या बाजूने पुढे सरकली. नोएलने नुकत्याच जिंकलेल्या एका जर्मन भुयारी खोलीत आपले मदतकेंद्र थाटले. पहिल्याच दिवशी एका जखमीला केंद्राकडे आणताना त्याच्या डोक्याला गोळ्याची कपची लागली. तो मागे चालत गेला, पट्टी बांधून घेतली आणि तिथल्यांनी थांबण्याचा आग्रह केला असताना परत फिरला. दुपारपासून पाऊस लागला होता आणि तो थांबण्याचे नाव घेईना. तोफांनी आधीच चाळण करून टाकलेल्या जमिनीत खड्डे पाण्याने भरू लागले. जखमी माणूस खड्ड्यात पडला तर बुडून मरेल अशी स्थिती. फुटक्या डोक्याने, जवळजवळ उपाशी, झोपेविना नोएल दोन दिवस दिवसा शस्त्रक्रिया करी आणि रात्री कंदील घेऊन माणसे शोधायला बाहेर पडे.

२ ऑगस्टच्या पहाटे, अंधारातच, एक तोफगोळा सरळ त्या भुयारात शिरून फुटला. आत जे होते ते सगळे ठार तरी झाले किंवा जखमी तरी. नोएलच्या पोटाला भयंकर जखम झाली. तशा अवस्थेत तो पायऱ्यांवरून वर सरपटत आला आणि चिखलाच्या रस्त्याने रांगत मदत आणायला निघाला. स्वतःसाठी आणि आत पडलेल्यांसाठी. त्याला उचलून ब्रँडहूक येथील छावणी रुग्णालयात नेले. पोटाच्या जखमांवरील उपचारांची तिथे खास सोय होती. शस्त्रक्रिया झाली. योगायोग असा, की तिथल्या परिचारिकांत एक त्याला लिव्हरपूलच्या रुग्णालयापासून ओळखणारी निघाली. तिच्याकडून त्याने ग्लॅडिसला निरोप लिहवून घेतला : डोके फुटले असताना मागे का गेलो नाही, तर कर्तव्याने बोलावले होते आणि ते मोडता येत नव्हते. ४ ऑगस्ट १९१७ रोजी दुपारी तो गेला. ब्रिटनने युद्ध पुकारले त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. नोएलचे वय बत्तीस. दुसऱ्या व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा १४ सप्टेंबरला झाली.

माझ्या एका मैत्रिणीशी मी या विषयावर पुष्कळ वाद घातला. ती विज्ञान शाखेची, आणि डॉक्टर होण्याची तिची इच्छा आहे. तिचे म्हणणे असे, की नोएलने चूक केली. डॉक्टरची जागा मदतकेंद्रात; जखमी वाहून आणायला स्ट्रेचरवाले असतात. एक डॉक्टर मेला म्हणजे त्याच्या हातून पुढे वाचले असते असे शेकडो मेले. रॉबर्ट जोन्सच्या शिष्याने चिखलात मरणे म्हणजे सोन्याची सुरी दगडावर घासणे होय. मी हे सहज उडवून लावू शकत नाही. सैन्याचाही कल साधारण याच बाजूचा होता. डॉक्टर मारले गेले तर नवे आणायचे कोठून, ही चिंता त्यांना होती. हिशेबाने पाहिले तर मैत्रीण बरोबर आहे.

पण त्या खड्ड्यात पडलेल्या माणसाचा हिशेब कोण करणार? त्याला रात्रभर एकच प्रश्न असतो : कोणी येईल का? लिव्हरपूल स्कॉटिशच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. हल्ल्यासाठी शिडीवर पाय ठेवताना आपण पडलो तर डॉक्टर येईल, हे ज्याला माहीत असते त्याची छाती वेगळी असते. नोएल गियमाँला मदतकेंद्रात बसून राहिला असता तर सुरक्षित राहिला असता, आणि त्या वीस जणांपैकी बरेचसे खड्ड्यांतच राहिले असते. मैत्रिणीला अजून हे पटलेले नाही, आणि वादात हार मानणे तिच्या स्वभावात नाही.

दुसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेतला होता. हा साम्राज्याच्या सैन्यातला माणूस. ज्या राजाने त्याला पदक दिले त्याच राजाचे आपण त्या वेळी गुलाम होतो. मग आपल्या अंकात त्याचे गुणगान कशाला? याला माझ्याजवळ आहे ते एवढेच उत्तर : त्या पदकासाठी त्याने कोणाचा जीव घेतला नाही. आपल्या नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेव्हा आधी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून आणले आणि मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. ते लढवय्ये शिपाई होते, ते त्यांचे कामच. नोएलच्या दोन्ही पदकांत फक्त पहिला भाग आहे.

युद्धात लिव्हरपूल स्कॉटिशमधून दहा हजारांवर माणसे लढली आणि सुमारे हजार मेली. १९३७ साली ही पलटण क्वीन्स ओन कॅमेरॉन हायलँडर्स या खऱ्याखुऱ्या स्कॉटिश रेजिमेंटला जोडली गेली. क्रिस्टोफर युद्धात पाद्री म्हणून गेला होता. त्यालाही मिलिटरी क्रॉस मिळाला. वडील आणि तो यांनी मिळून ऑक्सफर्डला सेंट पीटर्स हे महाविद्यालय स्थापन केले. पुढे तो रॉचेस्टरचा बिशप झाला. जुळ्या भावावाचून तो पंचेचाळीस वर्षे जगला, १९६२ पर्यंत. नोएलची पदके त्या महाविद्यालयाकडे होती. २००९ साली ती एका संग्राहकाला विकली गेली, सुमारे पंधरा लाख पौंडांना. पायमोज्यांसाठी घरी पत्रे लिहिणाऱ्या माणसाला हा आकडा सांगितला असता तर त्याने किती जोड मोजे येतील याचा हिशेब केला असता, असे उगाच मनात येऊन गेले. लिव्हरपूलमध्ये ॲबरक्रॉम्बी चौकात त्याचा पुतळा आहे. त्यात तो एकटा नाही. एक जखमी शिपाई आहे आणि बरोबर एक स्ट्रेचरवालाही आहे, हे मला फार योग्य वाटते.

आता राहिला आरंभी उल्लेखिलेला दुसरा डॉक्टर. त्याचे नाव आर्थर मार्टिन-लीक. दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा पहिला माणूस. एक बोअर युद्धात मिळाला आणि दुसरा १९१४ साली त्याच ईप्रच्या परिसरात, तोही जखमींना वाहून आणल्याबद्दल. (तिसरा न्यूझीलंडचा चार्ल्स अपहॅम, दुसऱ्या महायुद्धातला.) हा मार्टिन-लीक युद्धापूर्वी आपल्या देशात नोकरीला होता, बंगाल-नागपूर रेल्वेचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी म्हणून. विदर्भातल्या वाचकांना बी. एन. आर. हे नाव सांगायला नको. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ब्रँडहूकच्या वाटेवर ज्या रुग्णवाहक पथकाने नोएलला आणले, त्या पथकाचा प्रमुख होता हाच मार्टिन-लीक. जगात दोन व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी त्या दिवशी एकच होता, आणि त्याच्या माणसांनी दुसऱ्याला स्ट्रेचरवरून वाहून नेले. युद्ध संपल्यावर मार्टिन-लीक आपल्या रेल्वेच्या नोकरीवर परत आला आणि १९३७ साली तिथूनच निवृत्त झाला.

नोएल ब्रँडहूकच्याच स्मशानभूमीत आहे. त्याच्या शिळेवर व्हिक्टोरिया क्रॉसची चिन्हे कोरली आहेत, एक नव्हे, दोन. युद्धस्मशानांतील लाखो शिळांत अशी दुसरी शिळा नाही. खाली वडिलांनी निवडलेले योहानाच्या शुभवर्तमानातील एक वचन आहे.